गोळी माणसाची, डोस बंड्याचा

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

नाशिकच्या एका ताईंच्या घरी बंड्या नावाचा सात वर्षांचा लॅब्राडोर आहे. वर्षभरात तो सुस्तावला, वजन सव्वीस किलोवरून तीसवर गेलं, शेपटीवरचे केस झडून ती उघडी पडली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, थायरॉईड कमी निघालं. त्यांनी माणसांचीच थायरॉक्सिनची १०० मायक्रोग्रॅमची गोळी लिहून दिली: सकाळी तीन, संध्याकाळी तीन. ताई स्वतः रोज ७५ ची एक गोळी घेतात. मेडिकलवाल्याने चिठ्ठी बघून विचारलं, "हे तुम्हाला?" कुत्र्यासाठी आहे म्हटल्यावर तो म्हणाला, "मग तर फारच जास्त आहे. माणसाला एवढं दिलं तर हार्टचा त्रास होईल." घाबरून ताई गेला महिनाभर सकाळी एक आणि संध्याकाळी एकच गोळी देत आहेत. डॉक्टरांना हे सांगितलेलं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा रक्त तपासायचं आहे. त्या विचारतात: "डॉक्टरांकडे कुत्र्याचं औषध नव्हतं म्हणून त्यांनी माणसाचं चालवून घेतलं का? डॉक्टर बदलू का? आणि माणसांची औषधं चालतातच, तर ताप आल्यावर घरातली क्रोसिन द्यायला काय हरकत आहे? सासूबाई म्हणतात, अर्धी पोळीत घालून दे. खालच्या मांजरीलाही त्या तशीच देणार होत्या. माझा भाऊ हरसूलकडे असतो, तो तर गाईला सर्रास माणसांचं दुखण्याचं इंजेक्शन टोचून घेतो."

ताई,

बाकीचं सावकाश वाचा, पण एक काम उद्या सकाळीच करा. डॉक्टरांना फोन लावा आणि सांगा, "तुम्ही तीन-तीन गोळ्या लिहिल्या होत्या, मी महिनाभर एक-एकच दिली. भीती वाटली म्हणून." एवढंच. ते रागावतील ही भीती मनातून काढून टाका. जनावरांच्या डॉक्टरांना अशी वाक्यं रोज ऐकावी लागतात, आणि जी ऐकायला मिळत नाहीत त्यांचाच त्यांना जास्त त्रास होतो.

हे आधी का सांगते, ते बघा. पुढच्या आठवड्यात रक्त तपासलं की बंड्याची पातळी कमीच दिसणार. डॉक्टर समजतील की दिवसाला ६०० मायक्रोग्रॅम देऊनही पुरत नाही, आणि ते डोस वाढवतील. मग एखाद्या दिवशी तुम्ही माहेरी असाल, घरातलं दुसरं कुणी चिठ्ठीत लिहिलंय तसं मोजून देईल, आणि एक-एक गोळीची सवय असलेल्या बंड्याच्या पोटात एकदम चार जातील. धोका लिहिलेल्या डोसात फार नव्हता. लिहिलेलं एक आणि दिलेलं दुसरं, यातला फरक कुणालाच ठाऊक नाही, खरा धोका तिथे आहे. म्हणून फोन होईपर्यंत तुमच्या मनाने तीन-तीनवरही जाऊ नका. डॉक्टर सांगतील तसं, ते म्हणाले तर टप्प्याटप्प्याने वाढवा. एखाद्या कुत्र्याचं हृदय कमजोर असेल तर मुद्दाम हळूहळूच वाढवतात.

आता तो डोस. माणसाला थायरॉक्सिन लागतं ते साधारण किलोमागे दीड ते पावणेदोन मायक्रोग्रॅम. साठ किलोच्या माणसाला पूर्ण डोस लागला तर तो शंभरच्या आसपास येतो. कुत्र्याचा हिशेब किलोमागे २० मायक्रोग्रॅमच्या आसपास सुरू होतो. तीस किलोचा बंड्या, म्हणजे दिवसाला ६००. सकाळी तीन, संध्याकाळी तीन. डॉक्टरांनी बरोबर गणित केलं आहे.

दहा-बारा पट फरक का, हे समजलं की तुमची भीती बरीच ओसरेल. थायरॉक्सिन माणसाच्या रक्तात फार टिकतं. तुम्ही आज घेतलेली गोळी निम्मी व्हायला आठवडाभर लागतो, म्हणून तर एखाद्या दिवशी विसरली तरी तुम्हाला लगेच काही जाणवत नाही. कुत्र्याच्या शरीरात तेच औषध अर्ध्या दिवसात निम्मं होतं. शिवाय त्याच्या आतड्यातून ते शोषलंही कमी जातं. म्हणून डोस मोठा आणि दिवसातून दोनदा. तुम्ही बंड्याची गोळी तुमच्या ७५ शी ताडून पाहिलीत, आणि मनाने म्हटलं, तो माझ्या निम्म्या वजनाचा, मग त्याला माझ्या निम्मीच पुरेल. आपण सगळेच असा विचार करतो. लहान मुलाला मोठ्या माणसाच्या निम्मं, तसं कुत्र्याला पाव. पण कुत्रा म्हणजे लहान माणूस नव्हे. त्याचं यकृत वेगळं, आतडं वेगळं. काही औषधं त्याला आपल्यापेक्षा किती तरी जास्त लागतात, आणि काही आपल्यासाठी निरुपद्रवी असलेली त्याला कणभरही सोसत नाहीत.

मेडिकलवाल्यावर मात्र राग धरू नका. त्याने विचारलं हे चांगलंच केलं. माणसासाठी तो डोस खरोखरच मोठा आहे, आणि चिठ्ठीवर नाव तुमचं होतं. तेही नियमाप्रमाणेच आहे. आपल्या औषध नियमांत जनावराच्या चिठ्ठीवर त्याच्या मालकाचं नाव आणि पत्ता लिहायला सांगितलं आहे. बिचाऱ्याला तुमचं नाव दिसलं आणि तो दचकला. त्याने त्या वेळी डॉक्टरांना फोन केला असता, किंवा तुम्ही तिथूनच केला असता, तर दोन मिनिटांत विषय संपला असता. इथून पुढे डॉक्टरांना विनंती करा की चिठ्ठीवर तुमच्या नावाखाली "कुत्रा, बंड्या, ३० किलो" असं ठळक लिहा. वजन लिहिलेलं असलं की औषधवाल्यालाही गणित ताडून पाहता येतं.

आणि एक गोष्ट आजच करा, कारण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती हिची. तुमची आणि बंड्याची गोळी एकाच औषधाची आहे. बाटल्याही बहुधा सारख्याच दिसत असतील, फक्त लेबलवरचा आकडा वेगळा. झोपेतून उठून, चष्मा न लावता, अनशापोटी तुम्ही गोळी घेता, तेव्हा हात चुकीच्या बाटलीवर जायला कितीसा वेळ लागतो? बंड्याची बाटली वेगळ्या खोलीत ठेवा. त्याच्या खाण्याच्या डब्याजवळ वरच्या फळीवर ठेवली तरी चालेल. झाकणावर जाड पेनाने त्याचं नाव लिहा. घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा.

तुम्ही विचारलंत, डॉक्टरांनी चालवून घेतलं का. या प्रश्नामागे एक समज आहे, की जनावराचं औषध म्हणजे खरं आणि माणसाचं म्हणजे तात्पुरतं. कुत्र्यामांजरांच्या बाबतीत तसं नाही. फिट्स येणाऱ्या कुत्र्याला फिनोबार्बिटोन, हृदयाच्या आजारात पाणी साठलं तर फ्युरोसेमाइड, मांजरीचं ब्लडप्रेशर वाढलं तर अ‍ॅम्लोडिपिनच्या अडीच मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव तुकडा: जगभरचे पशुवैद्य ही माणसांची औषधं वापरतात, आणि त्यांच्या पाठ्यपुस्तकांत त्यांचे जनावरांसाठीचे डोस वेगळे छापलेले असतात. अमेरिकेत अशा वापरासाठी १९९४ साली स्वतंत्र कायदाच झाला. प्रत्येक औषधाची कुत्र्यासाठी वेगळी गोळी काढायची, तिच्या चाचण्या करायच्या, परवाना घ्यायचा, हा खर्च कंपन्यांना परवडत नाही. औषधाचा रेणू तोच असतो. थायरॉक्सिन बाटलीवर माणसाचं लिहिलं म्हणून बदलत नाही. इन्सुलिनची गोष्ट तर उलटीच आहे. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी ते आधी स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांवर वापरून पाहिलं, माणसाला ते पुढच्या वर्षी मिळालं. आज मधुमेही कुत्र्याला माणसांच्या इन्सुलिनचं इंजेक्शन दिलं जातं, तेव्हा एका अर्थी कुत्र्यांचं देणं त्यांना परत मिळतं असं मला वाटतं.

तेव्हा माणसाची गोळी लिहिली एवढ्यावरून डॉक्टर बदलू नका. डॉक्टर कसे आहेत हे दुसऱ्या गोष्टींवरून कळतं. त्यांनी बंड्याला काट्यावर उभं केलं का? औषध लिहिण्याआधी रक्त तपासलं का? परत कधी बोलावलं? तुमच्या पत्रावरून या तिन्हींची उत्तरं चांगली दिसतात. एक कमी पडलं, आणि ते फार ठिकाणी कमी पडतं: "हा डोस तुम्हाला मोठा वाटेल, मेडिकलवालाही विचारेल, पण कुत्र्याला एवढाच लागतो," हे वाक्य त्यांनी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. दवाखान्यात गर्दी असते, राहून जातं. पण ते त्यांचं काम होतं. आणि ते बोलले नाहीत तर विचारणं हा तुमचा हक्क आहे. कुणीही असं औषध लिहून दिलं की निघण्यापूर्वी विचारा: हे माणसांचं आहे का, वजनावर किती बसतं, जास्त झालं तर काय दिसेल, आणि औषधवाल्याने दुसरी कंपनी दिली तर चालेल का. थायरॉक्सिनच्या बाबतीत शक्यतो एकच कंपनी धरून ठेवावी, तेही याच वेळी सांगते.

बंड्याला डोस जास्त झाला तर काय दिसेल ते लिहून फ्रिजवर लावा. विनाकारण धापा टाकणं, चैन न पडणं, पाणी खूप पिणं, खाऊनही वजन भराभर उतरणं, नाडी फार जोरात चालणं. यातलं काही दिसलं तर गोळी मनाने कमी न करता त्याच दिवशी फोन करा. रोजची गोळी जेवणाआधी आणि रोज त्याच पद्धतीने द्या. आज रिकाम्या पोटी आणि उद्या दूधभातात असं केलं की पातळी वरखाली होते. रक्त तपासायच्या दिवशी सकाळची गोळी चुकवू नका. ती दिल्याची वेळ कागदावर लिहून न्या. नमुना बहुतेक वेळा गोळीनंतर चार ते सहा तासांनी घेतात, त्यामुळे वेळ माहीत असल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ राहत नाही. कदाचित तुमच्या फोननंतर डॉक्टर ही तपासणी महिना-दीड महिना पुढेही ढकलतील. पूर्ण डोस सुरू न होता तपासण्यात पैसे घालवण्यात अर्थ नाही. केस यायला मात्र काही महिने जातात, तेवढा धीर धरा. अंगातली मरगळ त्याआधी उतरताना दिसेल.

आता क्रोसिन. इथे मला थोडं कडक बोलावं लागेल.

डॉक्टरांनी माणसाची गोळी लिहिली, यावरून माणसाच्या सगळ्याच गोळ्या चालतात असा अर्थ तुम्ही काढलात. पण डॉक्टरांनी बंड्याला दिलं काय? त्याच्या आजारासाठी निवडलेलं एक औषध आणि त्याच्या वजनाला बसवलेला आकडा. घरातल्या डब्यातली अर्धी क्रोसिन त्या गणितातून आलेली नसते. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल. ते कुत्र्यांना पशुवैद्य कधीकधी देतातही, पण वजन, यकृत आणि चालू असलेली बाकीची औषधं बघून. मांजरीला मात्र ते कधीही, कुठल्याही मापाने द्यायचं नाही. सासूबाईंना हे आजच सांगा. मांजरीच्या यकृतात पॅरासिटामॉल निकामी करायची यंत्रणा फार तोकडी असते. तिच्या लाल रक्तपेशीतलं हिमोग्लोबिन बिघडतं, प्राणवायू वाहता येईनासा होतो. हिरड्या निळसर, चॉकलेटी दिसू लागतात, तोंड आणि पंजे सुजतात. एक गोळी तिचा जीव घ्यायला पुरते. त्यावर उतारा आहे, पण तो काही तासांतच सुरू व्हावा लागतो. चुकून कुणी दिली असेल तर "बघू उद्यापर्यंत" असं म्हणू नका, मांजर आणि गोळीचं पाकीट दोन्ही घेऊन तडक दवाखाना गाठा.

कुत्र्यांसाठी दुसरी भीती आयब्युप्रोफेन या दुखण्यावरच्या औषधाची. कॉम्बिफ्लॅममध्ये पॅरासिटामॉलबरोबर तेही असतं. डायक्लोफेनॅकचंही तेच. याने पोटात जखमा होतात, काळी शी होते, रक्ताची उलटी होते, किडनी बसते. लंगडणाऱ्या कुत्र्याला प्रेमापोटी दिलेल्या गोळीने असं झालेलं मी पाहिलं आहे, म्हणून पोटतिडकीने लिहिते आहे. अगदी कुत्र्यांना चालणारं मेलॉक्सिकॅम घ्या. दहा किलोच्या कुत्र्याचा रोजचा डोस साधारण एक मिलिग्रॅम, आणि मेडिकलमध्ये माणसाची गोळी मिळते साडेसात आणि पंधराची. त्यातला एक मिलिग्रॅमचा तुकडा सुरीने कसा पाडणार? म्हणून डॉक्टर त्याचं जनावरांसाठीचं पातळ औषध देतात. साखर नसलेल्या काही सिरपमध्ये गोडीसाठी झायलिटॉल घालतात, आपल्याला त्याने काही होत नाही, कुत्र्याची रक्तातली साखर मात्र एकदम खाली येते. आणि गेल्या वेळच्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या उरल्या आहेत म्हणून देणं, हेही नको.

सासूबाईंचा हेतू मायेचा आहे, त्यांना दोष देऊन घरात वाद करू नका. त्यांना काम द्या. बंड्याचा ताप गुदद्वारात थर्मामीटर लावून बघायला शिकवा. कुत्र्याचं अंग आपल्या हाताला नेहमीच गरम लागतं, कारण त्याचं तापमान मुळातच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. किती तरी वेळा "ताप" म्हणून गोळी दिली जाते तेव्हा ताप नसतोच.

भावाचा विषय तुम्ही जाता जाता लिहिलात, पण तो मला जाता जाता सोडता येत नाही. हरसूलजवळ खोरीपाड्याला वनविभागाने गिधाडांना मेलेली जनावरं खायला ठेवण्याची जागा केली आहे, तुमच्या भावाला ती माहीत असेल. ती का करावी लागली? नव्वदच्या दशकात आपल्याकडची गिधाडं बघता बघता संपली. पांढऱ्या पाठीची तर १९९२ ते २००७ या काळात हजारातलं एखादं उरलं. कारण कळायला २००४ साल उजाडलं. डायक्लोफेनॅक हे दुखण्याचं इंजेक्शन टोचलेली गाय-म्हैस मेली आणि गिधाडांनी ती खाल्ली, की त्यांची किडनी निकामी व्हायची, आतड्याकाळजावर युरिक अ‍ॅसिडचा पांढरा थर बसायचा. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. मग काय झालं? माणसांच्या डायक्लोफेनॅकच्या ३० मिलिलिटरच्या बाटल्या गोठ्यात पोचल्या. माणसाला एका वेळी तीन मिलिलिटर लागतं, तीसची बाटली गाईच्याच मापाची होती. शेवटी २०१५ मध्ये सरकारला माणसांसाठीची बाटलीसुद्धा तीन मिलिलिटरवर आणावी लागली. पुढे अशीच दुखण्यावरची औषधं, २०२३ मध्ये अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि कीटोप्रोफेन, आणि २०२४ च्या अखेरीला निमेसुलाइड, जनावरांसाठी बंद झाली. अ‍ॅसिक्लोफेनॅकचं तर गाईच्या शरीरात डायक्लोफेनॅकच बनतं.

म्हणजे इथे गाईला आराम पडला, तिला काहीच झालं नाही, तरी औषध चुकीचं होतं. घरातल्या कुत्र्याच्या आणि गोठ्यातल्या गाईच्या औषधात हा मोठा फरक आहे. गाईला टोचलेलं तिच्या दुधात उतरतं, मेल्यावर तिच्या मांसातून दुसऱ्याच्या पोटात जातं. जनावरांच्या औषधावर "माणसांसाठी नाही, फक्त जनावरांसाठी" असा इशारा, जनावराच्या डोक्याचं चित्र आणि किती दिवस दूध विकायचं नाही ते लिहिलेलं असतं. माणसाच्या इंजेक्शनवर हे कुठून असणार? त्या दिवसांचं दूध डेअरीत जातं, आणि तुमच्या भावाच्याच मुलांच्या पेल्यात.

त्याला सांगताना गिधाडांपासून सुरुवात नका करू, दुधापासून करा. गाय दुखण्याने हंबरत असेल तर तिला औषध हवंच, याबद्दल दुमत नाही. जनावरांचं मेलॉक्सिकॅम किंवा टोलफेनॅमिक अ‍ॅसिड मिळतं, दोन्ही गिधाडांना सोसतात, आणि मेलॉक्सिकॅम काही महाग नाही. टोचणाऱ्याला बाटली दाखवायला सांगावी, नाव वाचावं, आणि दूध किती दिवस बाजूला काढायचं ते विचारावं. त्याची पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी आहे का, हेही विचारायला लाजू नये. आणि गावात डॉक्टर वेळेवर येत नाही म्हणून हा मार्ग धरला असेल, तर त्याच्या फोनमध्ये १९६२ हा नंबर तुम्हीच भरून द्या. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा आहे, फोनचे पैसे पडत नाहीत.